रुमी मस्तगी नेमकी येते कुठून?

काष्ठौषधींच्या जुन्या दुकानात जाऊन ‘रुमी मस्तगी’ मागून पाहा. कुणी तिला मस्तकी म्हणतं. दुकानदार पोत्यांकडे वळत नाही. आतल्या फडताळातली लहानशी डबी काढतो आणि भाव किलोचा न सांगता ग्रॅमचा सांगतो. डबीत फिकट पिवळे, धुरकट काचेसारखे खडे असतात. काही तांदळाच्या कणीएवढे, काही हरभऱ्याएवढे. (स्वस्तात मिळाली तर ती दुसरीच कुठली तरी राळ असण्याची शक्यता जास्त.)

नावातलं ‘रूम’ म्हणजे इटलीतलं रोम शहर नव्हे. अरब आणि इराणी लोक बायझंटाईन साम्राज्याच्या मुलखाला, पुढे अनातोलियाला (आजच्या तुर्कस्तानाच्या आशियाई भागाला), रूम म्हणत. जलालुद्दीन रुमींच्या नावातला रूम तोच. म्हणजे आपल्या वैद्य-हकिमांच्या लेखी ही वस्तू ‘तिकडची’, एवढाच तिचा पत्ता होता. खरा पत्ता फारच अरुंद आहे. एजियन समुद्रात, तुर्की किनाऱ्याला जवळजवळ खेटून ग्रीसचं खिओस नावाचं बेट आहे. क्षेत्रफळ सुमारे ८४० चौरस किलोमीटर. त्याच्याही फक्त दक्षिण भागात, ‘मास्तिखोखोरिया’ म्हणजे ‘मस्तगीची गावं’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चोवीस गावांच्या शिवारात ही मस्तगी निघते. तुर्की भाषेत या बेटाचं नावच ‘साकिझ’ आहे. साकिझ म्हणजे चघळायचा डिंक.

आता गंमत अशी, की मस्तगीचं झाड दुर्मीळ नाही. स्पेन, मोरोक्को, सार्डिनिया, क्रीट, लेबनॉन, भूमध्य समुद्राच्या चारही कडांना ते रानात वाढतं, आणि वाढतं म्हणजे आपल्याकडे घाणेरी माजते तसं. मग बाजारातली मस्तगी एवढ्याशा टापूतूनच का यावी? बेटावरचे लोक गोष्ट सांगतात, की तिसऱ्या शतकात रोमन सैन्यातल्या इसिदोर नावाच्या ख्रिस्ती शिपायाचा छळ करून त्याला मारलं, तेव्हा इथली झाडं रडली. म्हणून या खड्यांना आजही ‘अश्रू’च म्हणतात. माहिती देणारे वाटाडे मातीचं नाव घेतात, कुणी समुद्राखालच्या ज्वालामुखीचं. मला विचाराल तर यातलं कुठलंही एकच कारण धरून बसलं की उत्तर चुकतं. तीन गोष्टींची गाठ पडावी लागते: कोरडं आभाळ, निवडलेलं झाड आणि गुडघ्यावर बसून काम करणारी माणसं.

पण आधी ही वस्तू काय आहे ते पाहू. झाडातून जे पाझरेल त्याला सरसकट डिंक म्हणायची आपल्याला सवय आहे. बाळंतिणीच्या लाडवात घालतो तो बाभळीचा किंवा धावड्याचा डिंक साखरेच्या जातीच्या लांब साखळ्यांनी बनलेला असतो. पाण्यात टाकला की फुगतो, विरघळतो. मस्तगी पाण्यात रात्रभर ठेवा, सकाळी खडा जसाच्या तसा. ती स्पिरिटमध्ये विरघळते, टर्पेंटाइनमध्ये विरघळते. म्हणजे ती डिंक नाही, राळ आहे. साल किंवा चीड या झाडांच्या राळेच्या घरातली. मग ती इतर राळेसारखी दाताखाली भुगा होऊन का जात नाही? कारण तिच्यात नैसर्गिक रबरासारखा एक लांबलचक रेणू आहे. तोंडात टाकली की आधी फुटते, कडवट लागते, मग तोंडाच्या उबेने मऊ होऊन पांढरी पडते आणि तासभर चघळता येते. तिचं ग्रीक नावही चघळण्याच्या क्रियेशी जोडलेलं आहे. च्युइंगमचा कारखाना निघायच्या दोन हजार वर्षं आधीपासून लोक हे चघळत आलेत.

झाड ही राळ करतं स्वतःसाठी. मस्तगीचं झाड आंबा, काजू, बिब्बा, चारोळी आणि पिस्ता यांच्या कुळातलं; पिस्त्याचं तर सख्खं भावंड. हापूस उतरवताना देठाशी चिकाची चिळकांडी उडते, हातावर पडली तर चामडी जळते, हे कोकणात कुणाला सांगायला नको. त्या चिकाची आणि मस्तगीची जातकुळी एकच. या कुळातल्या झाडांच्या सालीत बारीक नळ्यांचं जाळं असतं आणि त्यात राळ भरलेली असते. सालीला जखम झाली, किड्याने पोखरलं, की राळ बाहेर येते. तिच्यातला उडून जाणारा तेलकट भाग हवेत विरतो, उरलेला घट्ट होतो आणि जखम बंद होते. बुरशीला आत शिरायला वाट राहत नाही. माणसाने काय केलं, तर जखम मुद्दाम आणि बेताने करायला शिकला.

इथे आभाळाचा संबंध येतो, आणि मराठी माणसाने इथे आपलं पंचांग क्षणभर बाजूला ठेवायला हवं. आपल्याकडे उन्हाळ्याच्या शेवटी पाऊस येतो आणि जून ते सप्टेंबर रान हिरवं असतं. भूमध्य समुद्राकडे सगळं उलटं. पाऊस हिवाळ्यात. नोव्हेंबर ते मार्च ओल, फेब्रुवारीपासून फुलं आणि मे संपता संपता गवत वाळून कोळ. जून, जुलै, ऑगस्ट हे तिथले कडक दुष्काळाचे महिने. पाऊस जवळपास नाहीच, वरून उत्तरेचा कोरडा वारा सुटतो. झाडांना ऊन आहे पण पाणी नाही. म्हणून तिथली झाडं पानं लहान, जाड आणि चामड्यासारखी ठेवतात, वाढ थांबवतात आणि उग्र वासाची तेलं-राळ साठवतात. ओरेगॅनो, थाइम, रोझमेरी हे सगळे वास त्याच उन्हाळ्याची देणगी.

मस्तगीला नेमका हाच उन्हाळा लागतो. राळ चिरेतून ओघळल्यावर घट्ट व्हायला दोन-तीन आठवडे घेते. तेवढ्यात पावसाची एक सर आली तरी माल खराब. ज्या देशात जुलैत पाऊस पडतो त्या देशाचं हे कामच नव्हे. सिंधुदुर्गात कुणी हे झाड लावायचं मनात आणलं तर मोसमी ढग त्याचा हिशेब पहिल्याच वर्षी चुकता करतील. खिओसच्या उत्तरेला डोंगर उंच, थंडी जास्त. दक्षिण भाग त्या डोंगरांच्या आडोशाला, चुनखडीचा, पाणी झटकन निचरून जाणारा. झाड तिथे खूश असतं, निदान कडाक्याच्या थंडीने मरत तरी नाही.

तरीही आभाळ आणि माती तशीच असलेल्या जागा भूमध्य समुद्रात पुष्कळ आहेत. समोर तुर्कस्तानात चेश्मेच्या बाजूला लागवडीचे प्रयत्नही झाले. म्हणून दुसरी गोष्ट: झाड.

रानातलं मस्तगीचं झाड म्हणजे खरं तर झुडूप. त्यात नर आणि मादी झाडं वेगळी असतात. मादीला लाल, मग काळी होणारी बारीक फळं धरतात आणि पक्षी ती खाऊन बिया पसरवतात. खिओसच्या शेतातली झाडं मात्र जवळजवळ सगळी नर. ती बियांपासून येत नाहीत. चांगली राळ देणाऱ्या झाडाची फांदी तोडून खोचायची, ती जगली की नवं झाड. शतकानुशतकं हेच चाललंय. कुणा शेतकऱ्याने कधीतरी जास्त गळणारं झाड हेरलं, त्याची फांदी शेजाऱ्याला दिली, शेजाऱ्याने मेहुण्याला. आपल्याकडे हापूसची कलमं अशीच पसरली. फळ धरायचं नाही म्हणून झाडाची ताकद दुसरीकडे जाते असं शेतकरी मानतात. पण यात एक खोट आहे: सगळी झाडं एकमेकांची जुळी म्हटली, तर एक नवा रोग सगळ्यांना सारखाच लागू पडेल. ही भीती केळी पिकवणाऱ्या जळगावकराला चटकन कळेल.

फांदी खोचल्यापासून पाच-सहा वर्षांनी झाड थोडंफार देऊ लागतं आणि पंधराव्या वर्षाच्या सुमारास भरात येतं. उंची जेमतेम दोन-तीन मीटर, खोड पिळवटलेलं, फांद्या जमिनीला टेकायला आलेल्या. आणि एवढं करून एका झाडाकडून वर्षाला पाव किलोसुद्धा मिळत नाही, बहुधा त्याहून बरंच कमी.

काम सुरू होतं जूनमध्ये, खळं करतात तसं. झाडाखालची जमीन खरवडून, झाडून सपाट करतात. मग त्यावर पांढरी भुकटी पसरतात. ती असते चुनखडीची, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. राळ खाली पडली की तिला माती लागू नये, लवकर सुकावी आणि चमकदार राहावी, यासाठी. ऐन उन्हात या शेतांकडे दुरून पाहिलं तर प्रत्येक झाडाखाली कुणी रांगोळीचा गोल घालून ठेवलाय असं दिसतं.

जुलैच्या मध्याला खाचा मारायला सुरुवात. याला ग्रीकमध्ये जो शब्द आहे, ‘केंदोस’, त्याच्या मुळाशी टोचण्याचं आणि भरतकामाचं क्रियापद आहे. शब्द अगदी नेमका. टोकदार लहान हत्याराने सालीवर चार-पाच मिलिमीटर खोल, सेंटिमीटरभर लांब चीर द्यायची. खोल गेली आणि लाकडाला लागली तर झाड दुखावतं. उथळ राहिली तर नळ्या फुटत नाहीत. बुंध्यापासून सुरुवात करून आठवडे जातील तसं वर फांद्यांकडे सरकायचं. कोवळ्या झाडाला थोड्या चिरा, मोठ्याला जास्त. दोडामार्गकडे रबराची झाडं चिरणाऱ्याला हातातला हा अंदाज माहीत असेल. फरक इतकाच, की रबर उभं राहून काढता येतं, मस्तगी जवळजवळ लोळून. पहाटे जायचं, कारण दुपारी ते शेत म्हणजे तवा.

ऑगस्टच्या अखेरीला पहिला तोडा, पुन्हा चिरा, मग ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत दुसरा तोडा. आधी मोठे तुकडे हाताने वेचतात, मग सालीवर चिकटलेले थेंब खरवडून काढतात, मग खालचं सगळं झाडून गोळा करतात. पण तेवढ्याने वस्तू विकण्याजोगी होत नाही. खडे, पानं, माती आणि मस्तगी यांची मिसळ घरी येते. ती चाळायची, धुवायची, वाळवायची. आणि मग हिवाळाभर दारं लावून, टेबलाभोवती बायका बसतात आणि बारीक चाकूच्या टोकाने एकेक खडा निवडतात. निवडटिपण म्हणजे काय हे ज्याने आईला परातीत तांदूळ निवडताना पाहिलंय त्याला कळेल; फक्त इथे परात पाच महिने रिकामी होत नाही. शेजारणी एकमेकींच्या घरी जातात, बातम्या, भांडणं, लग्नं सगळं त्याच टेबलावर ठरतं. २०१४ मध्ये युनेस्कोने खिओसच्या मस्तगी लागवडीच्या कसबाला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. मान मिळाला तो झाडाला नव्हे, या हातांना.

ही तिसरी गोष्ट, आणि माझ्या मते सर्वांत वजनदार. माणसं काढून घ्या: छाटणी थांबली की झाड पाच-दहा वर्षांत पुन्हा झुडूप होतं, आणि शेजारच्या रानातल्या झुडपात नि त्यात काही फरक उरत नाही.

अशी किचकट मेहनत माणसं पिढ्यान्‌पिढ्या करत राहिली ती काही निव्वळ आवडीने नव्हे. त्यासाठी इतिहासात डोकावावं लागतं. ‘कंपनी सरकार’ म्हटलं की आपल्याला ईस्ट इंडिया कंपनी आठवते. तिच्या अडीचशे वर्षं आधी, १३४६ मध्ये, इटलीतल्या जिनोआ शहराच्या व्यापाऱ्यांनी खिओस घेतलं आणि भागधारकांच्या एका मंडळामार्फत ते चालवलं. ‘माओना’ म्हणत त्याला. पुढे त्यातल्या मंडळींनी जुस्तिनियानी हे आडनावच घेतलं. मस्तगीची मक्तेदारी त्यांच्याकडे. चोरून विकणाऱ्याचे कान-नाक कापण्यापर्यंत शिक्षा होत्या. कोलंबससुद्धा तरुणपणी खिओसला येऊन गेला होता. १४९३ मध्ये अटलांटिकपलीकडून परतताना त्याने जे पत्र लिहिलं, त्यात तिकडे सापडणाऱ्या मालात मस्तगीचाही वायदा केला. ते झाड भलतंच निघालं.

दक्षिणेतली गावं आजही त्या काळाच्या साच्यात उभी आहेत. मेस्ताला गेलं तर गाव दिसत नाही, भिंत दिसते. बाहेरच्या ओळीतल्या घरांच्या मागच्या भिंती म्हणजेच गावकूस. आत गल्ल्या इतक्या अरुंद, की लादलेलं गाढव आणि माणूस एकमेकांना ओलांडताना एकाने उंबऱ्यावर चढावं. वर जागोजागी कमानी. घरांची छपरं सपाट आणि सारख्या उंचीची, एकमेकांना लागलेली. चाचे भिंत ओलांडून आलेच तर लोकांनी छपराछपरांवरून धावत मधल्या बुरुजात शिरावं अशी योजना. खाली गोठा आणि कोठार, वर राहणं. व्यापाऱ्यांनी गावकऱ्यांचं चाच्यांपासून रक्षण केलं हे खरं, पण एकच वेस ठेवली की आतला माल बाहेर कसा जातो यावरही नजर राहते, हेही खरंच.

पिर्गी हे शेजारचं गाव वेगळ्याच कारणाने लक्षात राहतं. तिथल्या घरांच्या दर्शनी भिंतींवर गडद गिलावा, त्यावर चुन्याचा पांढरा हात, आणि ओला असतानाच तो खरवडून काढलेल्या त्रिकोण, चौकोन, चांदण्यांच्या पट्ट्या. गच्चीच्या कठड्यांवरून लालबुंद टोमॅटोंच्या माळा सुकायला सोडलेल्या. आपल्या अंगणातल्या कणसांच्या किंवा मिरच्यांच्या माळा डोळ्यांसमोर आणा.

१५६६ मध्ये बेट उस्मानी तुर्कांकडे गेलं. त्यांनाही मस्तगी हवीच होती, राजवाड्यातल्या जनान्याला विशेष. या गावांनी कर पैशात न देता मस्तगीत द्यायचा आणि बदल्यात त्यांना चर्चची घंटा वाजवण्यासारख्या सवलती. १८२२ मध्ये बंडाची शिक्षा म्हणून खिओसवर भीषण कत्तल झाली, हजारो मारले गेले, हजारो गुलाम म्हणून विकले गेले. मस्तगीच्या गावांना त्यातून बऱ्याच अंशी वगळलं गेलं. १९१२ मध्ये बेट ग्रीसमध्ये आलं. १९३८ मध्ये उत्पादकांचा सहकारी संघ स्थापन झाला. गावोगावच्या वीस संस्था त्याच्या सभासद. माल संघाकडे जमा, प्रतवारी आणि विक्री संघाची. साखर कारखान्याच्या पट्ट्यात वाढलेल्याला ही व्यवस्था, तिच्या गुणांसकट आणि निवडणुकांच्या राजकारणासकट, समजावून सांगावी लागणार नाही. प्रवरेचा कारखाना यानंतर बारा वर्षांनी सुरू झाला.

या शेतांच्या आधाराने बाकीचं निसर्गजीवनही टिकून आहे, आणि हे मला मस्तगीइतकंच नवलाचं वाटतं. मार्चमध्ये झाडांच्या मधल्या नांगरलेल्या पट्ट्यांत लाल ट्युलिप उगवतात. रानटी, कुणी न लावलेले. तिथे त्यांना ‘लालादेस’ म्हणतात. शब्द तुर्कीतून आला, त्याआधी फारसी ‘लाले’मधून. या ट्युलिपांचं नांगराशी जमतं. फाळाने कंद फुटतात, पसरतात, गवताची दाटी मोडते. शेत पडीक पडलं किंवा तणनाशक मारलं, की ते दिसेनासे होतात. म्हणजे ‘निसर्ग वाचवायला माणूस बाजूला काढा’ हा नियम इथे चालत नाही.

आणि चकोर. आपल्या ओव्यांमधून चांदणं पिणारा चकोर खरोखरीचा पक्षी आहे, तित्तिराच्या जातीचा: राखी अंग, लाल चोच, गळ्याभोवती काळी कडा. त्याचा मुलूख हिमालयापासून पश्चिमेकडे पसरत थेट एजियन बेटांपर्यंत जातो. खिओसच्या दगडी बांधांवर तो दाणे टिपत हिंडतो. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला इथे आलेला फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ तुर्नफोर याने लिहून ठेवलंय, की गावकरी चकोर पाळत. सकाळी ते कळपाने रानात चरायला जात आणि संध्याकाळी शिट्टी वाजली की परत येत. चांदणं प्यायची सवड त्यांना मिळत असेल असं वाटत नाही.

समुद्रालगतच्या कड्यांवरचा एलिओनोरा ससाणा तर पंचांगच उलटं करतो. बाकी पक्षी वसंतात पिल्लं काढतात. हा जुलैच्या शेवटी अंडी घालतो, कारण पिल्लं ऑगस्ट-सप्टेंबरात भुकेली होतात तेव्हा युरोपातून आफ्रिकेकडे निघालेले लहान पक्षी थव्याथव्यांनी एजियन ओलांडत असतात. ते वाटेतच उचलायचे. ऑक्टोबरमध्ये पिल्लं तयार झाली की सगळे मादागास्करकडे. खाली शेतात दुसरा तोडा चालू असतो तेव्हा वरती त्याचीही सुगी असते.

मस्तगीचं आज काय होतं? लिकर, आइसक्रीम, ईस्टरचा गोड पाव, टूथपेस्ट, चित्रांवरचं वार्निश. पोटासाठी ती फार जुन्या काळापासून देतात. १९९८ मध्ये नॉटिंगहॅमच्या संशोधकांनी दाखवलं, की जठरात अल्सर करणारा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू प्रयोगशाळेत मस्तगीने मरतो. पोटात तसंच होतं असं त्यावरून धरून चालू नये. युरोपच्या औषध नियामक संस्थेने तिला किरकोळ अपचनासाठी मान्यता दिली आहे ती ‘परंपरेने वापरात’ या सदरात, म्हणजे दीर्घ वापराच्या आधारावर. अल्सरवरची औषधं बंद करून मस्तगी चघळत बसू नये, एवढं बजावून सांगतो.

या सगळ्याचा वैरीही तोच उन्हाळा आहे. ज्या कोरडेपणाने राळ घट्ट होते, त्याच कोरडेपणाने रान पेटतं आणि उत्तरेचा वारा ते पळवतो. ऑगस्ट २०१२ मध्ये, ऐन हंगामात, खिओसला आग लागली आणि ती कित्येक दिवस चालली. मस्तगीच्या झाडांचा फार मोठा भाग जळाला. पडीक शेतं जिथे जास्त होती तिथे वाळकी झुडपं आगीला आयती मिळाली. झाडून साफ ठेवलेल्या जमिनीवर पेटायला तितकं काही नसतं. मस्तगीचं झाड चिवट आहे, मूळ जिवंत असलं तर बुडख्यातून फुटतं. पण फुटवा म्हणजे राळ देणारं झाड नव्हे. लोकांनी शेजारगावातून फांद्या आणल्या, खोचल्या. २०१३ च्या हिवाळ्यात खोचलेली फांदी २०१९ च्या आसपास पहिले थेंब देते, आणि ती पूर्ण भरात यायला २०२८ उजाडावं लागतं.